पुस्तक सापडलं

नागपूर, रविवार

प्रिय अव्या,

पुस्तक सापडलं. तेच. माझ्याच घरात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आईची पेटी काढली. लुगड्यांच्या खाली वुडहाउसचं, गोल्फच्या विनोदी गोष्टींचं 'द हार्ट ऑफ अ गूफ', आणि आत तुझी चिठ्ठी : 'दिन्या घरी नव्हता, काकूंजवळ देऊन चाललो.' आईनं जपून ठेवलं आणि विसरली असेल. आता तिला विचारायची सोय नाही. आणि मी अकरा वर्षं तुझ्यावर आळ घेत राहिलो. मुन्नीच्या लग्नात तर भर पंगतीत, तुझ्या सासऱ्यांसमोर म्हणालो, 'याला पुस्तक देऊ नका, परत येत नाही.' तू अर्ध्या ताटावरून उठून गेलास. ते ताट डोळ्यांसमोरून हलत नाही रे.

आपण जन्मात गोल्फची काठी धरली नाही. फुटाळा तलावाच्या पाळीवर मी मोठ्यानं वाचायचो आणि तू म्हणायचास, 'काऊन वाचून राहिला बे हे? श्रीमंताचे चोचले!' मग तूच पान उलटायचास. अर्पणपत्रिका तर तुला पाठच होती : लेकीनं इतकं प्रोत्साहन दिलं नसतं, तर पुस्तक निम्म्या वेळात झालं असतं! तू ती चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवायचास. व्हरांड्यात बसून, चिडून निघालेल्या पोराला थांबवून गोष्ट सांगणारा त्या पुस्तकातला म्हातारा आपल्याला चौकातल्या नानांसारखा वाटायचा.

ते लिखाण आपल्याला का धरून ठेवायचं, ते मला या चार रात्रींत कळलं. गोल्फच्या फटक्याला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि अठरा होलचा, म्हणजे अठरा खड्ड्यांचा डाव चालतो चार तास. उरलेला सगळा वेळ नुसतं चालायचं, ज्याला हरवायचं त्याच्याच सोबतीनं. तो तुमच्या चेंडूला हात लावत नाही. तुमचा चेंडू झाडीत गेला, की तिथं काय झालं ते बहुतेक वेळा फक्त तुम्हालाच ठाऊक. लेखकाला आणखी काय पाहिजे? आपण अंबाझरीपर्यंत बोलत जायचो, ते याहून वेगळं काय होतं?

आणि बॉबी जोन्स या अमेरिकन गोल्फपटूवरचं आपलं भांडण. 1925 ची गोल्फची यूएस ओपन. उंच गवतात त्याचा चेंडू जरासा हलला, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, तरी त्यानं स्वतःच्या हिशोबात दंडाचा एक फटका वाढवून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि ती फोडायच्या जादा खेळात, प्लेऑफमध्ये, तो एका फटक्यानं हरला. तू म्हणालास, 'कोणी पाह्यलंच नाही तर कायले सांगायचं?' मी तुला तासभर प्रामाणिकपणा शिकवला. आणि माझ्या स्वतःच्या घरात, पेटी उघडून एकदा पाहायचं मला सुचलं नाही. तू मात्र चिठ्ठी ठेवून गेला होतास.

बायको म्हणाली, फोन करून टाका. दोनदा नंबर लावला, रिंग जायच्या आत कापला.

माझं बीपी गोळीवर ठीक आहे. तुझी बदली टळली म्हणे, बरं झालं. चिनूला बारावीसाठी आशीर्वाद. वहिनींचा गुडघा कसा आहे?

पुस्तक कुरिअरनं पाठवत नाही. पुढच्या शनिवारी मी स्वतः घेऊन पुण्याला येतो. त्या दिवशी सासऱ्यांना जेवायला बोलाव. मला त्यांच्यासमोर बोलायचं आहे.

तुझा,
दिन्या