रूपांतराचा हंगाम जे.जे.ने लोकांसाठी भरवावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १८५७ साली सुरू झालेल्या आणि आम्हा चित्रकला शिक्षकांच्या तोंडी नुसत्या 'जे.जे.' या नावाने असलेल्या संस्थेच्या आयुष्यातले हे मोठेच स्थित्यंतर आहे. हे विद्यापीठ सर्वसामान्य माणसाला काय देणार, हा प्रश्न यानिमित्ताने विचारायलाच हवा. माझी मागणी अशी की, विद्यापीठाने दरवर्षी दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने लोकांसाठी खुल्या, विनामूल्य कार्यक्रमांचा हंगाम भरवावा आणि पहिल्या वर्षी त्याचा विषय 'रूपांतर', म्हणजे एका गोष्टीतून दुसरी कशी घडते हा, ठेवावा.

विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन होते, ते चांगलेही असते. पण प्रदर्शनात पुरे झालेले काम दिसते. पाहणारा 'छान आहे' म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. काम घडताना पाहिले की तोच माणूस तासभर जागचा हलत नाही, हे शाळेत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पुतळ्याचेच घ्या. महाराष्ट्रात पुतळा नाही असा चौक विरळा. पण त्याला हार घालणाऱ्या किती जणांना तो कसा तयार होतो हे ठाऊक असते? आधी लोखंडी सांगाडा, त्यावर माती, मातीवर प्लास्टरचा साचा. साचा काढताना मूळ मातीकाम बहुतेक वेळा मोडते. महिनोन्महिने घडवलेला चेहरा पुन्हा मातीचा गोळा होतो. मग साच्यात मेणाचा पातळ थर, आत गाभा, बाहेर भट्टीचा ताप सोसणारे वेष्टण. तापवल्यावर मेण वितळून निघून जाते आणि त्या रिकाम्या जागेत ब्राँझचा रस ओततात. शेवटी छिन्नी, कानस, पॉलिश. जे.जे.त शिकलेले अलिबागजवळच्या सासवन्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा पुण्यातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा १९२८ सालचा. असे काम टप्प्याटप्प्याने, अर्धवट साचे आणि मेणाचे तुकडे हातात घेऊन लोकांना पाहता आले, तर पुतळ्यांविषयी आपण ज्या तावातावाने बोलतो त्यात थोडी जाणही येईल.

दुसरा विषय अजिंठ्याचा. १८७२ पासून पुढे तेरा-एक वर्षे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी लेण्यांतली भित्तिचित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरवली. पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. चित्रे नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले, त्याने चित्रांची हानीच झाली. भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावरचे रंग, तिथून कॅनव्हास, तिथून लंडन, मग आग. आपल्या वारशाची ही हकिगत जे.जे.ने स्वतः, आपल्या चुकांसकट, मराठीत सांगायला हवी. शेजारी आजच्या विद्यार्थ्यांनी तसा गिलावा लिंपून त्यावर रंगवून दाखवावे. माझ्या मते हा कार्यक्रम सगळ्या हंगामाचा गाभा ठरेल.

तिसरा विषय चित्रपटकार दादासाहेब फाळके यांचा. ते १८८५ मध्ये जे.जे.त दाखल झाले. पुढे छायाचित्रण, छपाईचे ब्लॉक (ठसे), छपाई करत १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पोहोचले. कुंचल्यापासून कॅमेऱ्यापर्यंतच्या या वाटेवर एक संध्याकाळ सहज होईल.

हे अशक्य नाही. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेने १९६१ साली फाइन आर्ट्स फेअर सुरू केली. विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः खेळणी, वस्तू करून विकायचे आणि गावातली माणसे मुलाबाळांसह यायची. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या जन्मदिनाआधी, १ आणि २ डिसेंबरला नंदन मेळा भरतो. जे.जे. तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर आहे. कर्जत-कसाऱ्याहून लोकलने येणाऱ्याला उतरून रस्ता ओलांडायचा, एवढेच.

काही गोष्टींचा आग्रह धरतो. कार्यक्रम शनिवार-रविवारी हवेत, बोलणे मराठीत हवे आणि माहिती विद्यार्थ्यांनी द्यावी. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांची लांबलचक ओळख यांत वेळ घालवू नये. शाळकरी मुलांच्या हातात माती द्यावी, त्यांना नुसते रांगेने फिरवू नये. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुले राज्यभर आहेत; त्यांतल्या बहुतेकांनी जे.जे.चे फाटकही पाहिलेले नसते.

म्हणून हंगाम मुंबईतच संपू नये. आमच्या सातारा जिल्ह्यात औंधला तिथल्या संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी उभारलेले संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्मांची चित्रे आहेत, जे.जे.चे विद्यार्थी आणि पुढे जे.जे.तच शिक्षक झालेले चित्रकार धुरंधर यांचीही आहेत. हंगामातला एक शनिवार-रविवार औंधला व्हावा. खर्चाचा काही भाग राज्य सरकारने उचलावा. वेळापत्रक मात्र जूनमध्ये, शाळा सुरू होतानाच जाहीर व्हावे, म्हणजे सहलीची परवानगी आणि एसटीची गाडी या दोन्हींची सोय शिक्षकांना वेळेत करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा