मावशी, अकराला काय करायचं?

मावशी,

पत्र तुम्हालाच आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. बालवाडीत बाई काय शिकवतात ते सगळं कोल्हापूर विचारतं, मदतनीस मावशींचं कुणी विचारत नाही.

आपला तो सातचा घोळ आठवतोय? कार्डं झाली, मणी झाले, तरी एक पठ्ठ्या दर वेळी "पाच, सहा, आठ"च म्हणायचा. खिचडीचं पातेलं उतरवून तुम्ही दारात आलात. "अवो बाई, बसून बसून अंग आंबलंय त्येंचं. उठवा की जरा." मला रागच आला होता, आज कबूल करते. तुम्ही पदर खोचलात, पोरांना गोलात उभं केलंत आणि झिम्म्याच्या टाळीवर आकडे सुरू केलेत. सहापर्यंत टाळ्या, सातला मटकन खाली, आठला टुणकन वर. दुसऱ्या दिवशी तो मणी मोजत होता. सातव्या मण्याला आधी त्याचे गुडघे वाकले, मग तोंडातून "सात" आलं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून, कृतीतून शिकवा म्हटलंय. प्रशिक्षणात मी ते वहीत नीट उतरवून घेतलं होतं. वही कपाटातच होती.

मग तुमची फुगडी आली. खाली सतरंजी, आणि जड-हलकं शिकवायला एक गुबगुबीत नि एक बारकी अशी जोडी. जड गडी जवळजवळ जागच्या जागी फिरतो, बारकी मोठा फेरा मारते. पोरांनी ते स्वतः ओळखलं. जुलैत तर वर्गात पंचगंगाच आली. आधी बोटांची टपटप, मग हातांच्या लाटा, आणि राजाराम बंधारा झालेली रांग हळूहळू खाली बसत पाण्याखाली गेली. "बंधारा बुडाला!" म्हणून इतका गलका झाला की शेजारच्या खोलीतून तक्रार आली. ती तुम्ही अंगावर घेतलीत, "मीच सांगितलं पोरास्नी" म्हणून.

(अंगानं अक्षरं काढायचा माझा प्रयोग मात्र पार फसला. 'ग' करताना तिघं एकमेकांवर पडली. तुम्ही हसला नाहीत, तेही लक्षात आहे.)

तुम्ही निवृत्त झाल्यापासून टाळी मीच धरते. ठेका चुकतो, पोरं सांभाळून घेतात. परवा दहापर्यंत गेलो, तर एकीनं विचारलं, "बाई, अकराला काय करायचं?" मला काही सुचेना. म्हटलं, मावशींना विचारून सांगते.

एखाद्या सकाळी या की. चहा मी करते.

तुमच्या बाई