बाबा, दावा दाखल करायचं ठरवलंय

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

लोकलमधून उतरताना तुम्ही पडलात, त्याची रेल्वेकडून भरपाई मागायचा विषय फोनवर निघाला की बाबा, तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहिते आहे. वकिलांशी माझं बोलणं झालंय, कागदांच्या प्रती त्यांच्याकडे पोचल्यात आणि रेल्वे दावे न्यायाधिकरणात तुमच्या नावाने अर्ज करायचं मी ठरवलंय. राग आला तर माझ्यावर काढा, आईला यातलं काही माहीत नव्हतं. आणखी थांबण्यासारखं नव्हतं हो. अपघातापासून एक वर्षाच्या आत अर्ज जावा लागतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण "वडील नको म्हणत होते" हे काही तिथे सबळ कारण ठरणार नाही.

भाऊकाकांच्या त्या प्रकरणापासून आपल्या घरात कोर्टाचं नाव काढत नाहीत, मला ठाऊक आहे. पण हे तसं नाही. इथे कोणावर आरोप नाही, कोणाला शिक्षा नाही. तुम्ही सारखं म्हणता, "उतरायची घाई मीच केली, आता कुठल्या तोंडाने पैसे मागू?" तर ऐका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ मध्ये चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. तिकीट काढलेला प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, एवढं पुरतं. रीना देवी प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गाडीत चढता-उतरताना पडणं हीसुद्धा याच कलमातली दुर्घटना आहे, आणि नुसता निष्काळजीपणा दाखवून भरपाई नाकारता येत नाही. भरपाई बुडते ती आत्महत्येचा प्रयत्न असेल, मुद्दाम करून घेतलेली इजा असेल, स्वतः गुन्हा करताना किंवा नशेत, वेडाच्या भरात काही झालं असेल, नाहीतर आजारामुळे झालं असेल तर. तुम्ही यातल्या कशात बसता, सांगा बरं.

मात्र त्या आजाराच्या कारणापाशी आपला एक कागद अडतो. हॉस्पिटलच्या पहिल्या केसपेपरवर "चक्कर येऊन पडले" असं लिहिलंय. आई, तू शुगरच्या गोळ्यांचं सांगितलंस ते बरोबरच केलंस, उपचारासाठी ते सांगायलाच हवं होतं. पण रेल्वेचे वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतील. त्यावर आपल्याकडे उत्तर आहे. स्टेशन मास्तरांचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांची डायरीतली नोंद, दोन्हींत "लोकलमधून उतरताना पडून जखमी" असंच आहे आणि वेळाही जुळतात. शिवाय दाखल केल्याबरोबर तपासलेली साखर १४२ होती, म्हणजे साखर उतरून चक्कर आली असं म्हणायला जागा नाही. साखरेच्या रिपोर्टचा तो छोटा गुलाबी कागद फाइलमध्ये वर लावून ठेव. त्या रात्री तू एकटीने सगळं निभावलंस गं, वाईट वाटून घेऊ नकोस.

बाबा, तुम्ही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला "फलाटावर पडलो" म्हणून सांगता. तसं म्हणू नका. फलाटावरून चालताना किंवा जिन्यावर पाय घसरला तर हे कलम लागत नाही, पडणं गाडीतून असावं लागतं. तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत तेच प्रतिज्ञापत्रात येईल: डावा हात दांड्यावर, उजवा पाय खाली टेकत होता, मागून लोंढा आला आणि हात सुटला. जेवढं झालं तेवढंच. उलटतपासणीत एखादी गोष्ट आठवली नाही, तर "आठवत नाही" म्हणायचं, अंदाजाने भर घालायची नाही.

तिकिटाची काळजी सोडा. शर्ट कापून काढला तेव्हा ते खिशातून गेलं. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा पडत नाही, हेही त्याच रीना देवीच्या निकालात आहे. तुम्ही तिकीट कुठून कुठवरचं काढलं होतं ते शपथेवर सांगायचं. मग ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते.

पैशाचं खरं ते सांगते. १ जानेवारी २०१७ पासून वरची मर्यादा ८ लाख आहे, पण ती मृत्यूला आणि सगळ्यांत भारी अपंगत्वाला. खुब्याच्या फ्रॅक्चरला त्याहून बरीच कमी मिळते. बिलं दाखवून खर्च वसूल होत नाही, रक्कम दुखापतीच्या प्रकारावरून नियमांतल्या तक्त्याप्रमाणे ठरते. म्हणून पाय किती आखूड झाला, सांधा किती वाकतो, हे सर्जनकडून लेखी घ्यायचंय, आणि यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्रही. ते नाव तुम्हाला बोचेल, बाबा. तुम्ही त्याने लहान होत नाही.

शेजारचे काका ग्राहक आयोगात जा म्हणत होते ना? त्यांना सांगा, हा दावा न्यायाधिकरणातच चालतो. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणाऱ्या अपघात विम्याचंही पाहिलं. एका पायाचा उपयोग कायमचा पूर्ण गेला तरच त्यात १ लाख मिळतात. तुम्ही काठीने का होईना चालता, म्हणून आपण त्यात बसत नाही, आणि बसत नाही याचं मला बरंच वाटतं.

धावपळ तुम्हाला अजिबात होणार नाही. शनिवारी वकिलांकडचा माणूस नोटरीला घेऊन घरी येईल. फी मी दिली आहे. साक्षीला एकदा जावं लागेल, तेव्हा मी रजा काढून येईन आणि गाडी दारातून नेईल. बसायला जाड उशी बरोबर घेऊ, कारण बाक बुटका असला की गुडघे खुब्याच्या वर जातात आणि तुम्हाला ते चालत नाही. दावा नामंजूर झालाच तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, त्याचाही विचार झालाय.

लहानपणी उतरायच्या दोन स्टेशनं आधीपासून तुम्ही मला दाराकडे सरकवायला लागायचात, आणि मी तुमच्या शर्टाचं टोक मुठीत धरून उभी राहायचे. त्या बाबांना "मी चुकलो, मी चुकलो" म्हणताना ऐकवत नाही मला. इतक्या लांब राहून मी आणखी काय करणार?

आता सांगते तसं करा. मूळ डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची. "मी करून देतो, टक्केवारी नंतर बघू" म्हणणारा कोणी आला तर दारातूनच परत पाठवायचा. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता वकीलपत्रावर सही नाही. आई, कमोडवरची चार इंची उंच सीट धुवायला काढलीस की लगेच परत बसव, बाबा तसेच बसतील. पाटावर जेवायला बसायचा हट्ट चालवून घेऊ नकोस, आणि रात्री पायांमध्ये उशी हवीच. बाबांचं आधार कार्ड, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि चार फोटो शनिवारी अकराच्या आत टेबलावर काढून ठेव. चष्मा लावून प्रत्येक पान वाचा, बाबा, आणि एखादा शब्द जरी पटला नाही तरी सही करायच्या आधी मला फोन लावा.

तुमची,
चिमी