दुकानातली धूळ आणि तुझा दमा

परळ, मुंबई

चि. मुग्धा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दादरहून रात्री उशिरा येतेस आणि पहिल्या पाळीसाठी मला पहाटेच निघावे लागते, त्यामुळे हे बोलणे राहून जात आहे, म्हणून लिहितो.

मध्यरात्री तुला येणारा खोकला दह्यामुळे येतो, असे तुझ्या आईचे मत आहे. मला तसे वाटत नाही. ज्या धुळीची किंवा बुरशीची ॲलर्जी असते, ती छातीत गेल्यावर काही मिनिटांत त्रास होतो, तो ओसरतो, आणि चार ते आठ तासांनी श्वासनलिका पुन्हा सुजू शकतात. संध्याकाळी पोटमाळ्यावरून साड्यांचे जुने गठ्ठे काढून आलीस, की बहुधा त्याच रात्री तू उठून बसतेस. म्हणून महिनाभर एका वहीत लिहून ठेव: त्या दिवशी काय हाताळलेस, दुकानात धूप होता का, लादी कशाने पुसली होती, आणि रात्र कशी गेली. डॉक्टरांना या वहीचा मोठा उपयोग होईल.

पोटमाळ्यावर जावेच लागले तर एन-९५ मास्क घट्ट बसवून जा. कापडाच्या तंतूंना आणि धुळीला तो बराच अडवतो. डांबरगोळ्यांचा, फिनेलचा किंवा अत्तराचा वास मात्र त्यातून आत येतो, आणि त्यावर लांब राहण्यावाचून उपाय नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल येते तेव्हा तिथले काम दुसऱ्या कोणाला देता येईल का, हे शेठना विचार.

शेठना सांगायचेच नाही, हा तुझा हट्ट मला अजिबात पटत नाही. नोकरी जाईल या भीतीने तू पंप पर्समध्ये लपवतेस आणि ग्राहकासमोर साडी उलगडताना श्वास कोंडून धरतेस, हे ऐकून मला फार वाईट वाटले. सकाळच्या पूजेचा धूप बंद करा, असे कोणी म्हणत नाही. तो विझून हवा खेळती होईपर्यंत तुला दाराजवळ उभे राहू द्यावे, एवढीच विनंती करायची आहे. शिवाय वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानात हवा खेळती राहण्याची व्यवस्था करणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम सांगतो.

साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत आराम देतो, पण सूज उतरवत नाही. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. केवळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून स्पष्ट म्हटले आहे. दिवसभर उभे राहून पाय दुखतात म्हणून तू वेदनाशामक गोळ्या घेतेस, त्याही डॉक्टरांना दाखव. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी झटका येतो.

दुकानातल्या निदान एका मैत्रिणीला एवढे शिकवून ठेव: झटका आला तर आडवे झोपवायचे नाही, ताठ बसवायचे, पंपाला स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी पोकळ नळी, लावून एकेक फवारा थांबत थांबत द्यायचा, जास्तीत जास्त दहा. तरीही आराम पडला नाही, किंवा तुला सलग बोलता येईना, तर लगेच १०८ ला फोन करायचा. तुझ्या पुढच्या सुट्टीला मी रजा टाकतो. वही घेऊन आपण दोघे केईएमला जाऊ.

तुझे,
बाबा