मावश्यांच्या प्रशिक्षणाविषयी सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या वृद्धाश्रमातील मावश्या आणि मामांच्या प्रशिक्षणाचा आराखडा वाचला. डायपर बदलणे, अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलणे, हे सारे त्यात नीट आले आहे; मात्र एखाद्या मावशीने सहकाऱ्याला आजोबांवर हात उगारताना पाहिले, तर तिने काय करावे, याविषयी अवाक्षरही नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांचा छळ होत असल्याचे 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून उघड झाले. अकरा जणांनी गुन्हा कबूल केला, त्यांपैकी सहा जण तुरुंगात गेले. परंतु तेथील एका परिचारकाने त्याआधीच व्यवस्थापनाला आणि सरकारी नियामक संस्थेलाही कळवले होते, आणि कोणीही दाद घेतली नव्हती. प्रशिक्षण तिथेही होतेच. भर होता तो रुग्णाला आवरून धरण्यावर!

मारहाण निदान दिसते तरी. हेळसांड चटकन नजरेत भरत नाही. रात्री लघवीला उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणारी, किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजींचे मनगट ओढणीने पलंगाला बांधणारी बाई स्वतःला दुष्ट समजत नसते. बारा तासांच्या ड्यूटीत दहा जणांचे करताना तिला तो शहाणपणाच वाटतो. म्हणून मी व्याख्यान देत नाही. एका मावशीच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि दुसरीला तिला एक शब्दही न बोलता वरणभात भरवायला सांगतो. दोन-तीन घासांतच ती तोंड फिरवते. मग मी विचारतो, "झाली का ही त्रास देणारी पेशंट?" हशा पिकतो, आणि त्यानंतर बायका मोकळेपणाने बोलू लागतात.

तुझे काम त्यापुढचे आहे. माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्या बाईला आपली ड्यूटी जाईल ही धास्ती असते, तेव्हा तक्रार ऐकणारी एक व्यक्ती आश्रमाबाहेरची नेम, आणि ज्येष्ठांसाठीचा 14567 हा हेल्पलाइन क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लाव. ऑफिसात लावलास तर तो फक्त तपासणीला आलेले साहेब वाचतील.

मी येईन तेव्हा रात्रपाळीच्या मावश्यांची झोप मोडून त्यांना दिवसा बोलावू नकोस. आपणच रात्री दहाला त्यांच्याबरोबर बसू. तोवर रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात, ते मला कळव.

तुझा,
विनायक