नाना पेठेतील लेथवरच्या काकांना, एका न झालेल्या गुराबेच्या वतीने

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीसाठी आपल्या कारखान्यातून २४ छोट्या पितळी तोफा घेऊन मी घरी आले त्याला पंधरा दिवस झाले, तरी आपले आभार मानायचे राहूनच गेले. त्या दिवशी पैसे मोजून देताना कंठ दाटून आला होता आणि ‘येते’ एवढाच शब्द तोंडातून निघाला. तेव्हा जे बोलता आले नाही ते आज लिहिते आहे, आणि आपल्यासारखी माणसे या शहरात आहेत हे इतरांनाही कळावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी ज्याची प्रतिकृती बांधते आहे ते जहाज इतिहासात कधी झालेच नाही, हे मी आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या ताफ्यातून आलेला एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला, जे आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेले होते, आणि तिथे लागलेली आग जवळच नांगरलेल्या गुराबांवर, म्हणजे शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजांवर, आणि गलबतांवर पसरली. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट मला शाळेच्या वयापासून सलत आली आहे. म्हणून माझ्या कल्पनेतील इतिहासात पेशव्यांचा इंग्रजांशी १७५५ चा तह होत नाही, नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांचा समेट होतो, वॉटसन आणि त्याच मोहिमेतला क्लाइव्ह कोकण किनाऱ्यावरच अडकून पडतात व बंगालला वेळेवर पोहोचत नाहीत, आणि १७५७ मध्ये विजयदुर्गाजवळच्या गिर्ये येथील गोदीतून तीन डोलकाठ्यांची एक नवी लढाऊ गुराब पाण्यात उतरते. गिर्ये गावच्या देवावरून मी तिचे नाव ‘रामेश्वर’ ठेवले.

जहाज कल्पनेतले असले तरी त्याची बांधणी कल्पनेतली असून चालणार नव्हते. गुराब लांबीच्या मानाने रुंद असते, मधून पुढच्या टोकाकडे निमुळती होत जाते, तिची नाळ, म्हणजे ते पुढचे टोक, टोकदार होऊन पुढे झेपावलेली असते आणि उथळ पाण्यातही शिरता यावे म्हणून ती पाण्यात फार बुडत नाही. हे सारे १:७२ या प्रमाणात सागवानी पट्ट्यांतून उतरवण्यात माझे चार वर्षांचे रविवार गेले. तोफा मात्र मला घरी करता येईनात.

आपल्याकडे येण्याआधी मी तीन दारे झिजवली. एका मोठ्या कारखान्यात ‘खेळण्यांची कामे आम्ही घेत नाही’ असे काम न पाहताच सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी आगाऊ रक्कम घेऊन तीन महिन्यांनी पितळ जसेच्या तसे परत दिले गेले. सर्वांत जास्त लागले ते मॉडेल बांधणाऱ्या एका जाणकाराचे बोलणे. जे जहाज झालेच नाही त्याच्या मापांचा एवढा घोळ कशाला, प्लॅस्टिकच्या तोफा चिकटवून मोकळ्या व्हा, असे ते चारचौघांत म्हणाले. त्या रात्री मी गुराब कपाटावर ठेवून दिली आणि दोन महिने तिच्याकडे पाहिले नाही.

आपण काय केलेत, ते कदाचित आपल्या लक्षातही नसेल. आपण लेथ बंद केलात, साबणाने हात धुतलेत, पुसलेत आणि मग गुराब उचललीत. माझे सगळे सांगणे ऐकून झाल्यावर आपण कामाची वही उघडलीत. त्या पानावर बुश, शाफ्ट, पुली अशी कामे ओळीने लिहिलेली होती. आपण माझे नाव विचाराल असे मला वाटले होते, पण आपण विचारलेत, “जहाजाचं नाव काय?” आणि लिहिलेत: रामेश्वर. पुढे विचारलेत, “कुठल्या सालचं?” मी अडखळत १७५७ म्हणाले, आणि आपण तेही तसेच, त्याच अक्षरात, पुलीच्या खाली लिहिलेत.

काका, जे जहाज कोणत्याही दप्तरात नाही, ते त्या दुपारी एका वहीत नोंदले गेले. गेल्या चार वर्षांत मला याहून मोठे काही मिळालेले नाही.

पुढचे काम तर आपणच सुधारलेत. मी उत्साहाच्या भरात ४० तोफा योजल्या होत्या. आपण नमुन्यादाखल तीन सेंटिमीटरची एक तोफ घडवलीत, ती डेकवर ठेवून बोटाने मागे सरकवलीत आणि म्हणालात, “बाई, ही उडाली की एवढी मागे येणार. समोरच्या बाजूची पण येणार. मग माणसं उभी कुठे राहणार?” नाळेकडे, जिथे गुराब निमुळती होते, तिथे खरोखरच जागा नव्हती. मी इतकी वर्षे वाचत होते, तरी त्या तोफेमागचा गोलंदाज मला दिसला नव्हता. तो आपल्याला दिसला. म्हणून आज ‘रामेश्वर’वर २४ तोफा आहेत, त्यांतील दोन नाळेच्या रोखाने, आणि प्रत्येकीमागे माणसाला उभे राहण्यापुरती जागा आहे.

समोरच्याचे काम आपल्याला कळो वा न कळो, त्याने ते मनापासून केले आहे एवढे ओळखून त्याला हात लावण्यापूर्वी स्वतःचे हात धुणारी माणसे कोणत्याही धंद्यात थोडीच भेटतात. माझ्या ओळखीत शिकलेली माणसे पुष्कळ आहेत. ही रीत मात्र मी आपल्या शेडमध्ये पाहिली. नमुन्याच्या तोफेचे पैसे आपण घेतले नाहीत, तेही मी विसरलेले नाही.

आता एक विनंती आहे. ती वही कधीतरी भरेल आणि रद्दीत जाईल. तसे होण्यापूर्वी ते पान मला द्यावे. पुलीच्या आणि शाफ्टच्या नोंदींसकट, जसे आहे तसे. गुराबेच्या काचेच्या पेटीत, तिच्या सुकाणूच्या बाजूला, मी त्याच्यासाठी जागा ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
‘रामेश्वर’ बांधणारी