ट्रान्सफर केस खोलण्याआधी एवढं बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की जुन्या फोर बाय फोर जीप आणि पिकअप गाड्यांची किंमत कळते, आणि नेमकी तेव्हाच तक्रार येते : फोर बाय फोरचा लीव्हर पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. त्यावर सरसकट मिळणारं उत्तर म्हणजे ‘ट्रान्सफर केस गेली’, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना वाटणारी पेटी. ती जातेही, पण दोष बहुतेक वेळा तिच्या बाहेर असतो आणि तो घरच्या अंगणात सापडतो. ज्यांच्या गाडीला हातानं फिरवायचे फ्री-व्हील हब (पुढची चाकं अ‍ॅक्सलशी जोडणारी-सोडणारी कळ) आहेत, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहीत आहे.

आधी गाडी पक्की उभी करा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा आणि उचललेला अ‍ॅक्सल घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या प्रोपेलर शाफ्टवर (अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) तो गाडी धरत नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअर टाकून ठेवण्यालाही काही अर्थ नाही.

आता इंजिन बंद, पहिला गिअर, दोन्ही हब लॉक, लीव्हर फोर एचला (चारही चाकं, हाय), आणि पुढचं एकच चाक उचललेलं. ते हातानं फिरवा. फिरलं नाही तर सगळं जोडलेलं आहे. फिरलं, तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे बघा. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर दोष ट्रान्सफर केसकडे किंवा तिच्या लीव्हरच्या जोडणीत. शाफ्ट जागेवर आणि चाक मात्र फिरतंय, तर दोन्हीपैकी कुठल्यातरी बाजूचा हब धरत नाही किंवा आतला अ‍ॅक्सल तुटलाय. ‘कुठल्यातरी’ मुद्दाम म्हटलं, कारण डिफरन्शियलपायी पलीकडचा हब सुटला तरी अलीकडचं चाक मोकळं फिरतं. इथेच भलत्या बाजूचा हब खोलला जातो. खात्रीसाठी हबची बाहेरची चकती काढा आणि चाक फिरवताना मधला दातेरी शाफ्ट बरोबर फिरतो का ते दोन्ही बाजूंना पाहा.

हब न धरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वाळून घट्ट झालेलं ग्रीस आणि आत गेलेलं पाणी. आतली सरकती रिंग स्प्रिंगच्या जोरावर दात्यांत बसते. ग्रीस कडक झालं की ती अर्ध्यावर अडते. चकती ‘लॉक’ दाखवते, आत काहीच झालेलं नसतं. रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन, कोरडं करून, पातळ ग्रीसचा हलका हात पुरे. बेअरिंगमध्ये भरतात तसं हब गच्च भरू नका. चकती फिरत नसेल तर पक्कड लावू नका, गाडी हातभर पुढे-मागे ढकला. दाते समोरासमोर आले की फिरते.

व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील तर आधी रबरी नळ्या. टोकाला चिरलेली नळी दिसत नाही, वाकवली की दिसते. इंजिन चालू ठेवून, फोर एच टाकून हबकडची नळी काढा आणि तोंडावर बोट धरा. ओढ लागली नाही तर सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) आधी लागते का ते बघा. डिझेल गाडीत हाच व्हॅक्यूम ब्रेक बूस्टरलाही जातो. ब्रेकचा पेडल कडक झाला असेल तर गळती आधी काढा, फोर बाय फोरचं नंतर बघू.

लीव्हर फोरमधून निघत नाही, ही दुसरी तक्रार. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. डांबरी रस्त्यावर, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, तो फरक जिरायला जागा नसते आणि शाफ्ट पिळले जातात. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लीव्हर निघतो. ओल्या डांबरावरही फोर टाकून घाट चढणं ही वाईट सवय आहे.

सरळ चालतानाही पीळ पडत असेल तर टायर मोजा. पुढच्या जोडीची नक्षी ८ मिमीने जास्त झिजली असेल तर घेर सुमारे ५० मिमीने कमी. सव्वादोन मीटर घेराच्या चाकात हा फरक किलोमीटरमागे बावीस मीटर होतो! आणि कुणी मागचा अ‍ॅक्सल बदललेला असेल तर रेशो (अ‍ॅक्सलच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) तपासाच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा ४.८८, नंतरच्या सीजे-३बी जीपचा ५.३८, असे दोन एका गाडीत आले तर फोर कधीच नीट चालणार नाही. ट्रान्सफर न्यूट्रल, शाफ्टवरचा हँडब्रेक मोकळा, एकच चाक उचलून दोन पूर्ण फेरे फिरवा (दुसरं चाक थांबलेलं असल्यानं ते अ‍ॅक्सलच्या एका फेऱ्याइतकेच) आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाचाला किंचित कमी म्हणजे ४.८८, पाच आणि वर तिसरा हिस्सा म्हणजे ५.३८. पुढे मोजताना हब लॉक हवेत.

भार पडला की लीव्हर उडतो? इंजिन-गिअरबॉक्सचे रबर माउंटिंग बसलेत का, लीव्हर पत्र्याला अडतोय का, जोडणीचे बुश झिजलेत का, हे बघून मगच आतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्क आणि स्प्रिंगकडे वळा. दोन लीव्हरच्या जीपमध्ये आधी पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो (कमी वेगाचा, जास्त ओढीचा टप्पा) पडत नाही, तो बिघाड नव्हे.

शेवटी तेल. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ते बदला आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) साफ करा. तो बुजला की तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात गार होताना सीलमधून पाणी ओढतो. गिअरची ट्रान्सफर केस असेल तर बहुधा ९० नंबरचं गिअर ऑइल, चेनची असेल तर बहुधा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल); गाडीचं पुस्तक बघूनच भरा. विलीस घराण्यातल्या जीपमध्ये गिअरबॉक्सचं तेल कमी होत जातं आणि ट्रान्सफर केसचं वाढत जातं असं दिसलं, तर दोघांमधला सील गेलाय. तेव्हा मात्र केस उतरवावीच लागते.

आपला,
जुन्या जीपगाड्यांचा एक मिस्त्री, पाटण (जि. सातारा)